क्वांटिकोचं मरीन कोअर संग्रहालय: लढाया दिसतात, डिव्हिजन मात्र आपणच जुळवायची

वॉशिंग्टनहून आय-९५ ने दक्षिणेला निघालं की साधारण ३५ मैलांवर झाडांच्या वर एक तिरका सुळका दिसायला लागतो. २१० फुटांचा. दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा या जपानी बेटावर झेंडा उभारतानाचा जो कललेला खांब सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो, त्याचीच ही आठवण. व्हर्जिनियातल्या ट्रँगल गावातलं, क्वांटिको तळाला लागून असलेलं हे अमेरिकी मरीन कोअरचं राष्ट्रीय संग्रहालय नोव्हेंबर २००६ मध्ये उघडलं. प्रवेश फुकट, पार्किंग फुकट, नाताळ सोडून रोज ९ ते ५.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे ‘मरीन’ म्हटलं की मार्कोस आठवतात, मुंबईजवळच्या आयएनएस अभिमन्यूवाले. ते नौदलाचे मोजके विशेष कमांडो. अमेरिकी मरीन्स म्हणजे स्वतःचं पायदळ, तोफखाना आणि विमानं असलेलं वेगळं सैन्यदल. भारतात असं दल नाही.

वस्तूंच्या बाबतीत संग्रहालय अव्वल आहे. पण ज्याला ‘मरीन डिव्हिजन म्हणजे नेमकं काय’ हे समजून घ्यायचंय, त्याची जरा पंचाईत होते. दालनं युद्धांच्या क्रमाने लावलेली आहेत, दलाच्या रचनेप्रमाणे नाहीत. मशीनगन दिसते, पण ती कोणाच्या हाताखाली होती हा धागा सुटतो. म्हणून जाण्याआधी एखादी डिव्हिजन धरून ठेवावी. पहिली मरीन डिव्हिजन सगळ्यात सोयीची. १ फेब्रुवारी १९४१ ला ‘टेक्सास’ या युद्धनौकेवर ती स्थापन झाली, आणि तिच्या लढाया बहुतेक दालनांत भेटतात.

सगळ्यात जास्त गोंधळ नावांचा होतो. पाटीवर ‘सेव्हन्थ मरीन्स’ लिहिलं असेल तर ती सातवी डिव्हिजन नव्हे, सातवी रेजिमेंट. पहिल्या डिव्हिजनच्या पायदळी रेजिमेंट तीन: पहिली, पाचवी, सातवी. अकरावी तोफखान्याची. ‘३/५’ म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन, आणि ‘एफ/२/७’ म्हणजे सातव्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनची फॉक्स कंपनी. एवढं पाठ असलं की निम्म्या पाट्या बोलायला लागतात.

आकडे १९४४ च्या रचनेचे धरावेत, कारण तीच पुढे पाया ठरली. चार जणांची फायर टीम, तिच्यात एक बीएआर म्हणजे स्वयंचलित रायफल. तीन टीम आणि एक म्होरक्या मिळून १३ जणांचं स्क्वॉड. तीन स्क्वॉडची प्लाटून, तीन रायफल प्लाटून आणि एक मशीनगन प्लाटून मिळून कंपनी, तीन रायफल कंपन्यांची बटालियन, तीन बटालियनची रेजिमेंट. रेजिमेंटमध्ये तीन हजारांवर माणसं. वर तोफखान्याच्या चार बटालियन, दोन ७५ मिमीच्या आणि दोन १०५ मिमीच्या. शिवाय रणगाडे, इंजिनिअर, पायोनिअर, वाहतूक, वैद्यकीय. डिव्हिजन एकूण १७,४६५ माणसांची. यातले डॉक्टर आणि कोअरमन म्हणजे वैद्यकीय सहायक नौदलाचे, कारण मरीन कोअरकडे स्वतःचं वैद्यकीय खातं नाही. शस्त्रांच्या कपाटापुढे उभं राहून हा हिशेब लावला तरच बीएआर ही नुसती जड बंदूक न राहता चौघांच्या टीमचा कणा म्हणून दिसते.

प्रशांत महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटाचा भाग अशाच नजरेने बघावा. ७ ऑगस्ट १९४२ ला सेनापती व्हँडेग्रिफ्टची पहिली डिव्हिजन उतरली तेव्हा सातवी रेजिमेंट सामोआत होती, तिच्याऐवजी दुसऱ्या डिव्हिजनची दुसरी रेजिमेंट जोडून दिलेली. किनाऱ्यावर विरोध जवळजवळ नव्हता, तरी घोटाळा झालाच, तो सामान उतरवण्यात. पायोनिअर बटालियनकडे माणसं अपुरी. बोटी येत राहिल्या आणि किनाऱ्यावर पेट्यांचे ढीग साचले. सावो बेटाजवळ नौदलाचा पराभव झाल्यावर ९ ऑगस्टला जहाजं निम्म्याहून जास्त माल पोटात ठेवूनच निघून गेली. जेवण दिवसातून दोनदाच आणि धावपट्टी पुरी केली ती जपान्यांनी टाकून दिलेल्या यंत्रांनी. माल उतरवणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला राखीव माणसं लागतात, हा धडा डिव्हिजनच्या रचनेत इथून शिरला. लोक तलवारींपाशी गर्दी करतात. खरी गोष्ट पेट्यांची आहे.

मधल्या उंच काचेच्या दालनात छताला कोर्सेअर विमानं टांगलेली आहेत आणि खाली तारावा बेटावरची नारळाच्या ओंडक्यांची भिंत चढणारी एलव्हीटी, म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर दोन्हीकडे चालणारी गाडी आहे. फोटो सगळे तिथेच काढतात. ही लढाई मात्र दुसऱ्या डिव्हिजनची, नोव्हेंबर १९४३ ची. साखळीपट्ट्यांवरच्या एलव्हीटी प्रवाळखडक ओलांडून गेल्या, सैनिक उतरवणाऱ्या हिगिन्स बोटी खडकावर अडकल्या, कारण त्यांना सुमारे चार फूट पाणी लागायचं आणि भरती तेवढी आलीच नाही. माणसं छातीभर पाण्यातून गोळीबारात चालत गेली. एलव्हीटी सव्वाशेच होत्या.

इवो जिमाचा झेंडा बघताना इतिहासाचे चाहतेसुद्धा हमखास गफलत करतात. २३ फेब्रुवारी १९४५ ला तो लावला पाचव्या डिव्हिजनच्या २८ व्या रेजिमेंटच्या माणसांनी. पहिली डिव्हिजन त्या बेटावर नव्हतीच, ती ओकिनावाच्या तयारीत होती. तिची जखम पेलेलिऊची आहे, सप्टेंबर १९४४ ची. सेनापती रुपर्टसने काही दिवसांत आटोपेल असं सांगितलं होतं, बेटावरची लढाई दोन महिन्यांवर चालली. पुलरच्या पहिल्या रेजिमेंटची निम्म्याहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. उष्णता ४५ अंशांच्या वर, आणि प्यायचं पाणी आलं तेही नीट न धुतलेल्या तेलाच्या पिंपांतून, ज्याने माणसं आजारी पडली. पेलेलिऊला इवो जिमाच्या मानाने फारच थोडी जागा मिळाली आहे. ही आमची मुख्य तक्रार.

कोरियाच्या दालनात मात्र पैकीच्या पैकी गुण. तोकतोंग खिंडीचा देखावा मुद्दाम थंड ठेवलाय. आत पाऊल टाकताच गारवा अंगावर येतो, समोर बर्फात माणसांचे पुतळे. ही तीच ‘एफ/२/७’, कॅप्टन बार्बरची कंपनी, सुमारे २४० जणांची. तिने ही खिंड पाच रात्री धरली, कारण १९५० च्या हिवाळ्यात चिनी सैन्याच्या वेढ्यात युदाम-नीला अडकलेल्या पाचव्या आणि सातव्या रेजिमेंटला हागारू-रीला परतायला तोच एक रस्ता होता. म्हणजे एक कंपनी हलली असती तर दोन रेजिमेंट गेल्या असत्या. कंपनी, रेजिमेंट आणि डिव्हिजन यांचं नातं अख्ख्या संग्रहालयात इतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे होत नाही.

बाकीचा हिशेब आपण घालावा. सेनापती ओ. पी. स्मिथने घाई न करता हागारू-रीला इंजिनिअरांकडून धावपट्टी खोदून घेतली, रात्रीसुद्धा दिव्यांच्या उजेडात. १ डिसेंबर १९५० पासून तिथून चार हजारांवर जखमी उडाले. बाहेर उणे तीस अंश. प्लाझ्मा गोठायचा, मॉर्फिनच्या नळ्या कोअरमन तोंडात धरून वितळवायचे. पुढे फुनचिलिन खिंडीतला पूल उडवलेला होता, तर ७ डिसेंबरला पुलाचे आठ भाग पॅराशूटने टाकले. लागणार होते चार. एक मोडला, एक चिनी सैन्याच्या हाती लागला, तरी काम झालं. दुप्पट मागवण्याचा शहाणपणा.

तिथलंच सिकॉर्स्की हेलिकॉप्टर चुकवू नये. १३ सप्टेंबर १९५१ ला याच डिव्हिजनला डोंगरावर हेलिकॉप्टरांनी रसद पोहोचवली, एवढ्या प्रमाणात पहिल्यांदाच. व्हिएतनामच्या दालनात हेलिकॉप्टरच्या पोटातूनच टेकडी ८८१ वर उतरता येतं, तिथे हवा मुद्दाम उकाड्याची. थंडीनंतर लगेच तिथे गेलं तर चष्म्यावर वाफ धरते.

आताची डिव्हिजन कशी आहे, ते घरूनच माहीत करून जावं. मुख्यालय कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडलटनला, सातवी रेजिमेंट ट्वेंटीनाइन पाम्सच्या वाळवंटात. मरीन कोअरने रणगाडे सोडूनच दिले, पहिली टँक बटालियन २०२१ मध्ये बंद झाली. १९४४ च्या तक्त्यात रणगाड्यांवर बोट ठेवणाऱ्याला हे ठाऊक हवं.

पूर्ण बघायला चार तास धरा, पाट्या वाचणार असाल तर सहा. क्रम मोडायला हरकत नाही: उघडल्या उघडल्या कोरिया, मग दुसरं महायुद्ध, मधलं दालन शेवटी, कारण शाळांच्या सहली आधी तिथेच थबकतात. ड्रिल इन्स्ट्रक्टरच्या आरडाओरड्याचा कोपरा लहान मुलांना घाबरवतो, त्यांना बाहेरून वळवा. वरच्या टन टॅव्हर्न या उपाहारगृहात जागा छान, पण शाकाहारी माणसाने गाडीत डबा ठेवावा. रायफल सिम्युलेटरचे पैसे वेगळे पडतात, नेम शिकण्याच्या अपेक्षेने जाऊ नये. दुकानात पहिल्या डिव्हिजनचं पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचं निळं बोधचिन्ह मिळालं तर घ्या, लाल एकच्या अंकात उभं ‘ग्वाडलकॅनाल’ आणि भोवती दक्षिणेच्या आकाशातले पाच पांढरे तारे.

रेल्वेने यायचा विचार असेल तर क्वांटिको स्टेशन वेगळ्या बाजूला आहे, तिथून पायी जमत नाही, टॅक्सी आधी ठरवा. आणि शुक्रवारी दुपारी आय-९५ वर निघू नका.