सॅनिटरी होज: सिलिकॉन, पीटीएफई की ईपीडीएम? पावसाळा ते उन्हाळा वापरल्यावर

नाशिकजवळच्या सातपूरच्या आमच्या औषधांच्या प्लँटमध्ये सिरप आणि टॅब्लेट कोटिंग दोन्ही चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर तिन्ही प्रकारचे होज (लवचीक नळ्या) लावले: सिलिकॉन, पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) आणि ईपीडीएम (एक कृत्रिम रबर). फार्मा म्हटलं की डोळे झाकून प्लॅटिनम सिलिकॉनची ऑर्डर टाकणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

शुद्ध पाण्याच्या लाईनला प्लॅटिनम-क्युअर्ड (प्लॅटिनम उत्प्रेरकाने पक्का केलेला) सिलिकॉन उत्तमच. १२१ अंशांची वाफ वरचेवर दिली तरी मऊपणा टिकून आहे आणि डिसेंबरच्या गारठ्यातही होज ताठरला नाही. पेरॉक्साइड-क्युअर्ड स्वस्त पडतो, पण पोस्ट-क्युअर (घडवल्यावर पुन्हा भट्टीत तापवणं) नीट झालं नसेल तर आतल्या भिंतीवर पांढरी पूड येते. प्रॉडक्ट लाईनला तो नकोच. एक काळजी मात्र घ्या. वाफ बंद करून दोन्ही टोकं मिटली की आतल्या वाफेचं पाणी होतं, व्हॅक्यूम तयार होतो आणि वायर नसलेला होज चपटा पडतो. थंड होताना फिल्टर केलेली हवा आत सोडायची.

सिरपमध्ये मात्र सिलिकॉनची खोड कळते. मेंथॉलच्या कफ सिरपनंतर ७५ अंशांचं १ टक्का कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवा, शुद्ध पाण्याने धुवा, रिन्सचं पाणी चाचणीत पास होतं. होज टोप्या लावून रात्रभर टांगून ठेवा. सकाळी टोपी काढली की मेंथॉल नाकात जातो. वास पृष्ठभागावर नसतोच. सुगंधी तेलं सिलिकॉनच्या आत मुरतात आणि सावकाश बाहेर येतात. तो होज त्याच प्रॉडक्टसाठी राखून ठेवा, टॅगवर प्रॉडक्टचं नाव लिहा. नाहीतर सरळ पीटीएफई अस्तराचा घ्या.

कोटिंगच्या आयपीए–डीसीएम (आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि डायक्लोरोमिथेन) द्रावणाला तर पीटीएफईशिवाय पर्यायच नाही. डीसीएममध्ये सिलिकॉन फुगतो, ढिला पडतो, फेरूलवरून (टोकाच्या धातूच्या जोडावरून) सटकतो. इथे पीटीएफई अस्तर हवं, तेही कार्बन मिसळलेलं अँटिस्टॅटिक. साधं पांढरं अस्तर स्थिर वीज साठवतं. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत ठिणगीचा धोका वाढतो, म्हणून टोकापासून टोकापर्यंत कंटिन्युइटी (वीज सलग वाहते का ते) तपासा आणि अर्थिंग जोडल्याशिवाय पंप चालू करू नका. बहुतेक जण होज बदलतात आणि गॅस्केट विसरतात! ईपीडीएम किंवा सिलिकॉनची गॅस्केट डीसीएममध्ये फुगून बोअरमध्ये (आतल्या पोकळीत) डोकावते. गॅस्केटही पीटीएफईचीच लावा. पीटीएफईचा दोष म्हणजे वाकण्याची मर्यादा. एकदा चुणी पडली की ती जागा पांढरी होते आणि पुन्हा सरळ होत नाही. असा होज बाद. वळ्यांचा प्रकार छान वाकतो खरा, पण वळ्यांत द्रव अडकून राहतो, पूर्ण निथळत नाही. गुळगुळीत बोअरचाच घ्यावा.

ईपीडीएम दणकट आणि स्वस्त. सीआयपी (यंत्र न उघडता आतून धुणं) रिटर्नच्या गरम कॉस्टिकला झकास. तेल किंवा हायड्रोकार्बन सॉल्व्हंटपासून चार हात लांब.

टोकांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तक्रारी बहुतेक तिथूनच येतात. स्क्रूच्या क्लिपने बसवलेल्या होजमध्ये बार्बच्या (होजमध्ये शिरणाऱ्या खाचांच्या टोकाच्या) कडेला बारीक फट राहते आणि सिरप तिथे साचून आंबतं. कंपनीतून क्रिम्प करून (दाबून पक्की बसवून) आलेलीच टोकं घ्या, फेरूल ३१६एल स्टेनलेस स्टीलचं. आणि १ इंच व दीड इंच टीसी (ट्राय-क्लॅम्प) फेरूलचा बाहेरचा व्यास एकच, ५०.५ मिमी! क्लॅम्प बिनतक्रार बसतो, पण एकाचं बोअर २२ मिमी, दुसऱ्याचं ३५ च्या आसपास. आत चहूबाजूंनी सहाएक मिमीची पायरी तयार होते आणि सीआयपीचं पाणी तिथला कोपरा धूत नाही. दोन्ही आकार वापरात असतील तर वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या लावा.

कागदपत्रांत लॉट नंबरसह सर्टिफिकेट मागा. रबर-सिलिकॉनला अमेरिकेचा अन्न-संपर्काचा नियम २१ सीएफआर १७७.२६००, पीटीएफईला १७७.१५५०, शिवाय यूएसपी (अमेरिकी औषधसंहिता) क्लास सहा. क्लास सहा ही जैविक सुरक्षेची चाचणी आहे; होज वाफेत किंवा डीसीएममध्ये किती टिकेल ते त्यातून कळत नाही. त्यासाठी उत्पादकाचा रसायन-तक्ता तापमानासकट मागवा. खोलीच्या तापमानाला चालणारा होज ८० अंशांना चालेलच असं नाही, आणि दाब सोसायची क्षमताही गरम झाल्यावर कमी होते.