रोजच्या सुरीला भारी स्टील हवंय का? साधं जर्मन, व्हीजी-१० की पावडर स्टील

किचनसाठी नवी सुरी शोधायला बसलं की एस९०व्ही, एसजी२, मॅग्नाकट असली पावडर स्टीलची नावं दिसायला लागतात आणि वाटतं एकदाच काय ते पैसे घालू, वर्षभर धारेचं टेन्शन नको. पण घ्यायच्या आधी एकच ठरवा, धार लावणार कोण आणि कशावर?

साधं म्हणजे एक्स५०सीआरएमओव्ही१५, वुस्टहॉफ, व्हिक्टोरिनॉक्सच्या सुऱ्यांचं. कार्बन ०.५ टक्के, क्रोमियम १५ च्या आसपास, हार्डनेस ५५ ते ५८ एचआरसी (कडकपणा मोजायचं रॉकवेल माप). धार लवकर जाते हे खरंय, पण बऱ्याचदा ती नुसती वाकलेली असते, धार सरळ करायच्या रॉडवर चार-सहा वेळा ओढली की परत टोमॅटो नीट कापते. कोणी सिंकमध्ये टाकली, ओलीच ठेवली, लाल भोपळ्यात घालून पिरगाळली तरी सहसा निभावते.

व्हीजी-१० जपानच्या ताकेफूचं, कार्बन १ टक्का, हार्डनेस ६० च्या आसपास. पातं पातळ ठेवता येतं आणि कोथिंबीर चिरताना फरक लगेच कळतो, कापली जाते, चेचली जात नाही. पण मटणाची हाडं, नारळ, फ्रीजरमधून काढलेलं काही असलं की लांब ठेवा, टवका उडतो.

आता पावडर स्टील, म्हणजे वितळलेल्या स्टीलची बारीक पूड करून ती दाबून-तापवून घट्ट केलेलं. एस९०व्हीमध्ये ९ टक्के व्हॅनेडियम असतं, त्याचे कार्बाइड (कार्बनशी जुळून झालेले बारीक कण) इतके कडक की आपला कुरुंदाचा दगड त्यांच्यापुढे मऊ पडतो, डायमंड किंवा सीबीएनच (क्यूबिक बोरॉन नायट्राइड, हिऱ्याच्या खालोखाल कडक) लागतं आणि ते घरात नसेल तर सुरी एकदा बोथट झाली की झालीच. सायकलवरच्या धारवाल्याकडे कोरड्या चाकावर दिली आणि धार तापून निळी पडली तर तिथला हार्डनेस उतरतो, हे साध्या सुरीचंही होतं, फक्त इथे त्याच हार्डनेससाठी तुम्ही जास्तीचे पैसे मोजलेले असतात. शिवाय ही झीज न होण्याची ताकद पुठ्ठा, दोर कापताना खरी कामाला येते. किचनमध्ये धार बोर्डवर आपटून आणि लिंबू-चिंचेच्या आंबटानेही जाते, तिथे व्हॅनेडियम फारसं काही करत नाही.

मॅग्नाकट मला यात मनापासून आवडतं. लॅरिन थॉमस यांनी डिझाइन केलेलं, २०२१ मध्ये बाजारात आलं. क्रोमियम फक्त १०.७ टक्के, तरी गंजाला दाद देत नाही, कारण क्रोमियम कार्बाइडमध्ये अडकत नाही, स्टीलमध्येच विरघळलेलं राहतं. कोकणातल्या खाऱ्या हवेत, मासे साफ करायला मस्त. पण महाग.

आणि धारेमागची जाडी बघा हो, स्टीलच्या नावाआधी! जाड सुपर स्टीलने गाजर फाटतं, पातळ साध्या सुरीने सरळ कापलं जातं.

घरात तिघं-चौघं एकच सुरी वापरत असतील तर साधं जर्मन, सोबत रॉड आणि १००० ग्रिटचा दगड. सुरी तुमच्या एकट्याच्या हातात राहणार आणि दगडावर बसायची आवड असेल तर व्हीजी-१०, नाहीतर एसजी२. एस९०व्ही खिशातल्या चाकूला, दिवसभर खोकी फोडणाऱ्यांना. आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर थेट कापत असाल तर आधी लाकडी बोर्ड आणा, तिथे यातलं कुठलंच टिकणार नाही.