शनी-मंगळाचा धाक घालून पैसे कसे उकळतात

पहिला संदेश फुकट असतो. "शनी-मंगळ षडाष्टक, चाळीस दिवसांत सीमेवर तणाव, मोठा भूकंप, बाजारात पडझड." महिन्याभरात यातलं काहीतरी घडतं आणि तोच संदेश जुन्या तारखेसह पुन्हा समोर येतो. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असल्यामुळे माणूस इथेच अडकतो. मग पाच-सातशे रुपये महिन्याचा ग्रुप. त्यानंतर "या गोचराचा (ग्रहांच्या सध्याच्या भ्रमणाचा) तुमच्या पत्रिकेवर परिणाम" आणि त्याची काही हजारांची शांती. शेवटी "युद्ध होणार, अमुक शेअर घ्या" असा सल्ला येतो आणि तिथे लाखांनी पैसे जातात.

ज्योतिष मानावं की नाही हा वाद बाजूला ठेवा. मेदिनीय ज्योतिषाचे, म्हणजे देश आणि जगाच्या घडामोडींचं भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाचे शब्द वापरून भाकीत चुकूच शकणार नाही अशी सोय कशी करतात, तेवढं पाहा. शनीच्या राशीपासून मोजायला लागा. मंगळ त्याच राशीत आला की युती, सातव्या राशीत प्रतियुती, सहाव्या किंवा आठव्या राशीत षडाष्टक, तिसऱ्या किंवा दहाव्या राशीत आला की त्याच्यावर शनीची दृष्टी. मंगळाच्या चौथ्या, सातव्या, आठव्या दृष्टीही याच राशींमध्ये मोडतात. झाल्या बारापैकी सहा राशी. म्हणजे सरासरी निम्मा काळ आकाशात शनी-मंगळाचा कुठला ना कुठला "अशुभ योग" चालूच असतो. ग्रहणाचंही तेच. ग्रहणं बहुधा पंधरा दिवसांच्या अंतराने जोडीने येतात, वर्षातून दोनदा. मागेपुढे पंधरा-पंधरा दिवस धरले की ४५ दिवसांचे दोन पट्टे, म्हणजे वर्षाचा चौथा हिस्सा. जगात ६ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला साधारण शंभर ते दीडशे होतात, म्हणजे दर अडीच ते साडेतीन दिवसांना एक. ठिकाण न सांगता वर्तवलेला भूकंप त्या ४५ दिवसांत चुकणार कसा?

एवढ्यावरही जमलं नाही तर पद्धत बदलतात. सायन (ऋतूंवर बेतलेलं) आणि निरयन (ताऱ्यांवर बेतलेलं) या राशिचक्रांत सध्या सुमारे २४ अंशांचा फरक आहे, त्यालाच अयनांश म्हणतात. सायन गणिताने शनी मीनेत गेला ७ मार्च २०२३ रोजी, निरयन दृक् (प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या) गणिताने २९ मार्च २०२५ रोजी. एकच "शनी मीनेत" दोन वर्षांच्या अंतराने दोनदा वापरता येतो. म्हणून भाकीत करणाऱ्याला आधीच विचारा: सायन की निरयन, अयनांश कोणता, आणि फळ किती दिवसांत?

फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले. देशभर यज्ञ झाले, प्रलय येणार म्हणून लोक धास्तावले होते. ते दिवस सरले, प्रलय आला नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये चीनचं युद्ध झालं, तर तेच अष्टग्रहीचं फळ म्हणून आजही सांगितलं जातं. मागेपुढे आठ महिन्यांची मुभा घेतली तर जुलै १९६१ मध्ये फुटलेलं पानशेत आणि डिसेंबरमधली गोवामुक्तीही त्यात बसते! घटना झाल्यावर खिडकी रुंद करायची, ही या धंद्यातली सर्वांत जुनी खोड आहे.

पुरावा म्हणून दाखवलेल्या जुन्या पोस्टही नीट तपासा. टेलिग्राम चॅनेलवर प्रत्येक संदेशाच्या लिंकच्या शेवटी चढता क्रमांक असतो. १२० नंतर थेट १२९ दिसला तर मधले आठ बहुधा पुसलेत (एकत्र टाकलेले फोटो आणि पिन केल्याची नोंद हेही क्रमांक घेतात, ते वजा करा). यूट्यूबवर शीर्षक मागाहून बदललं तरी तारीख जुनीच राहते, त्यामुळे शीर्षकावर जाऊ नका, व्हिडिओत तोंडाने काय म्हटलंय ते ऐका.

बाजाराच्या भाकितांत आणखी घातक प्रकार चालतो. ३२०० जणांपैकी निम्म्यांना "निफ्टी वर", निम्म्यांना "खाली" असं कळवायचं. ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं आणि उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करायचे. पाच फेऱ्यांनंतर १०० जण उरतात, ज्यांनी सलग पाच भाकितं खरी ठरलेली पाहिलीत. मोठी रक्कम मागायची ती यांच्याकडेच.

पैसे घेऊन शेअरचा सल्ला देणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनए, संशोधन विश्लेषकाचा आयएनएच या अक्षरांनी सुरू होतो. तो सेबीच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिथलं नाव पैसे घेणाऱ्याच्या नावाशी जुळवा. कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच थांबा.

पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. रक्कम समोरच्या खात्यात शिल्लक असेल तर ती गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक प्रत्येक व्यवहाराला देते तो), तारीख, वेळ हाताशी ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्या माणसाला जाब विचारण्याआधी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या, टेलिग्रामच्या संगणकावरच्या ॲपमधून चॅट उतरवून ठेवा. जाब विचारला की तो आधी मेसेज पुसतो, मग तुम्हाला ब्लॉक करतो.