हाताने रंगवलेला कॅनव्हास पडदा: माल उत्तम, पण घडी घालून पाठवतात

जुन्या फोटो स्टुडिओत मागे असायचा तसा रंगवलेला पडदा घ्यायचा विचार असेल, तर पैसे भरण्याआधी फोनवर एक गोष्ट पक्की करून घ्या: पडदा पाइपवर गुंडाळून येणार की घडी घालून? माप, वजन, रिंगा हे सगळं जाहिरातीत असतं. हे मात्र कोणी लिहीत नाही, आणि मला सगळा मनस्ताप त्यापायीच झाला.

माझा पडदा आठ बाय बारा फुटी, सुती कॅनव्हासवर ॲक्रिलिकने रंगवलेला. खांब, कठडा, मागे धूसर बाग, आणि खालचा भाग जमिनीवर पसरायचा. काकांची बजाज चेतक स्कूटर समोर ठेवून सत्तरच्या दशकातल्या घरगुती फोटोंसारखी मालिका करायची होती. चेतक 1972 साली आली. त्याआधी बजाज इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा स्कूटर बनवायची. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघायचे, आणि गाडी दारात आली की हार घालून तिच्यासोबत सगळ्या घराचा फोटो निघायचा. तसा फोटो त्या काळच्या स्टुडिओत काढला असता तर कसा दिसला असता, हे मला बघायचं होतं. छापील पडदा त्यासाठी नको होता. त्यावर लाइट पडला की तो चमकतो, आणि रंगाला जाडी नसते.

पार्सल उघडलं तर आत साडीसारखी घडी. टांगल्यावर बागेवर, खांबांवर उभ्याआडव्या रेघांच्या चौकटी उमटल्या. विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "दोन दिवस टांगून ठेवा, निघतील." निघाल्या नाहीत. मग म्हणाले, "इस्त्री फिरवा." ॲक्रिलिक तापलं की मऊ पडतं आणि इस्त्रीला चिकटतं. पडदे विकणाऱ्याला हे मी सांगायचं? बदलून मागितला तर "वापरलेला माल परत घेत नाही." पाइपवर पाठवा म्हटलं तर "एवढं लांब पार्सल कुरिअरवाले घेत नाहीत." ट्रान्सपोर्टने पाठवा, भाडं मी देतो, असंही म्हणून पाहिलं. त्यानंतर फोन उचलणंच बंद. साडेसात हजार मोजल्यावर ही वागणूक मला अजिबात पटलेली नाही.

घड्यांचं एवढं काय, सॉफ्टवेअरमध्ये पुसता येतात, असं दोघा-तिघांनी सुचवलं. स्कूटर समोर असताना ते इतकं सोपं नाही. जुन्या फोटोंचा भाव आणायला लाइट बाजूने, थोडा कडक लागतो. तसा लाइट पडद्यावरून तिरका सरकतो आणि प्रत्येक घडीची सावली पाडतो. लाइट समोरून मऊ केला तर घड्या दबतात, पण चेतकच्या पॅनलची गोलाईही सपाट होते. मागचं धूसर करावं, तर गाडी जवळजवळ पावणेसहा फूट लांब. तिरकी उभी केली की हेडलाइटपासून मागच्या दिव्यापर्यंत शार्प ठेवायला लेन्सचं छिद्र बारीक, एफ/8 वर, ठेवावं लागतं, म्हणजे मागचंही स्पष्ट येतं, आणि भाड्याच्या स्टुडिओत पडदा गाडीमागे जेमतेम चार फुटांवर. त्यात जमिनीवरच्या घड्या पॅनलच्या खालच्या गोलाईत वाकड्या होऊन उमटतात. लेन्सवर लावायच्या पोलरायझर फिल्टरने रंगावरची चकाकी बरीच कमी होते, पण क्रोमवर तो काही करत नाही. हेडलाइटच्या रिंगमध्ये घडी होती तशी दिसली.

इथपर्यंत मी एकच तारा देणार होतो. नंतर मत बदललं. कपड्यांचा स्टीमर आणून पडदा मागच्या बाजूने, म्हणजे कोऱ्या कापडावरून, हळूहळू वाफवला आणि ओलसर असतानाच खाली वजनदार पट्टी बांधून रात्रभर ताणून ठेवला. सकाळी बहुतेक घड्या गेलेल्या. आणि तेव्हा कुठे रंगकाम नीट दिसलं. कठड्याच्या उजेडाच्या बाजूला जाड ब्रशचे फटकारे आहेत, सावलीत रंग इतका पातळ की कापडाचा पोत दिसतो. त्यासमोर चेतकचा फिका निळा असा काही उठून आला, की काकू स्क्रीनवर बघून म्हणाल्या, "अहो, ही आपलीच गाडी ना?" काका उत्तर न देता बराच वेळ फोटो मोठा करून किकचा घासलेला रबर बघत राहिले. ज्याने हा पडदा रंगवला त्याचा हात खरोखर मोठा आहे, आणि पाकिटावर त्याचं नावही नाही याचं मला वाईट वाटतं.

जमिनीचा भाग मात्र जपा. मेन स्टँडचे रबरी बूट झिजलेले असतील तर पत्रा थेट रंगात घुसतो. नवे बूट स्वस्तात मिळतात, आधी ते बसवा. टू-स्ट्रोक गाडीच्या सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकतं, म्हणून लाइट लावेपर्यंत खाली जुना फ्लेक्स असू द्या. पेट्रोल बाहेरच काढून घ्या, बंद खोलीत गरम लाइटजवळ टाकी भरलेली नको.

पावसाळ्यात पडदा पीव्हीसी पाइपवर, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळला होता. बुरशी नाही, तडा नाही. तोच पाइप विक्रेत्याने पहिल्या दिवशी वापरला असता तर मी पूर्ण पाच तारे दिले असते. आत्ता मालाला पाच, विक्रेत्याला एक.

दुसरा पडदा, जिन्याच्या चित्राचा, मला याच हाताचा हवा आहे. तो आणायला मी स्वतः जाणार आहे, टेम्पोत पाइप घालून.