सोनी २००-६०० लेन्स आणि कच्छच्या पाणवठ्यावरचे प्रवासी पक्षी

भाद्रपदात मध्य आशियातून आफ्रिकेकडे निघालेले स्पॉटेड फ्लायकॅचर, कॉमन व्हाइटथ्रोट, लाल पाठीचा खाटीक, रुफस-टेल्ड स्क्रब रॉबिन असे लहान पक्षी कच्छमध्ये थोडा काळ थांबतात. ते बहुधा रात्री उडतात आणि उजाडताना जिथे पिलूची झाडे, बाभळी आणि जरासे पाणी असेल तिथे उतरतात. सिंहगडाच्या पायथ्याशी माशीमार (फ्लायकॅचर) टिपणाऱ्या ज्या पुणेकरांना तिकडे जायचे आहे, त्यांच्यासाठी सोनीच्या २००-६०० मिलिमीटर, एफ/५.६-६.३ लेन्सविषयी लिहीत आहे (‘एफ’ हे लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा जितका मोठा, तितके छिद्र बारीक आणि प्रकाश कमी).

२०१९ साली आलेल्या या लेन्सचा सर्वांत मोलाचा गुण म्हणजे अंतर्गत झूम. झूम करताना लेन्स लांब होत नाही. त्यामुळे रणातली पिठासारखी धूळ आत ओढली जाण्याची धास्ती कमी होते आणि पालथे पडून बीनबॅगवर (दाण्यांनी भरलेल्या उशीवर) टेकवलेल्या लेन्सचा तोलही ढळत नाही.

पाच मीटरवर पाण्याशी आलेला १४ सेंटीमीटरचा स्पॉटेड फ्लायकॅचर ६०० मिलिमीटरला फुल-फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्याच्या चौकटीची जवळपास निम्मी रुंदी व्यापतो, आणि त्याच्या कपाळावरच्या बारीक रेघा, चोचीला लोंबणारा थेंब, सारे उमटते. मात्र एफ/६.३ वर जेमतेम अडीच सेंटीमीटरचा पट्टाच स्पष्ट येतो. पक्षी तिरका बसला असेल तर डोळा धारदार आणि शेपूट धूसर होते, म्हणून ऊन चढताच मी छिद्र बारीक करून एफ/८ वर जातो; स्पष्ट पट्टा थोडा वाढतो.

ऊन वाढले की जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि दूरच्या पक्ष्याची पिसे एकमेकांत मिसळून जातात. यावर कोणत्याही लेन्सकडे उपाय नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये १.४ पट टेलिकन्व्हर्टर (प्रतिमा मोठी करणारे जोडभिंग) लावला तर ८४० मिलिमीटर मिळतात, पण छिद्र एफ/९ होते आणि थरथरही तितकीच मोठी दिसते. त्यापेक्षा पक्षी येण्यापूर्वीच आडोशाला बसावे. ही लेन्स २.४ मीटरपर्यंत फोकस करते, तरी पुढे आफ्रिकेपर्यंतचा प्रवास उरलेल्या पक्ष्याला पाण्यावरून उठवून इतके जवळ जाणे मला मुळीच मान्य नाही.

सिंहगडाच्या दाट सावलीत एफ/६.३ अपुरे पडते. ज्यांचे छायाचित्रण मुख्यतः तिथेच चालते, त्यांनी कच्छपुरती ही लेन्स पुण्यातूनच भाड्याने न्यावी. ट्रायपॉडला जोडायच्या पायाविना तिचे वजन २,११५ ग्रॅम आहे. ट्रायपॉड वापरणार असाल तर आर्का-स्विस पट्टी (ट्रायपॉडच्या पकडीत सरकवून बसवायची पट्टी) आठवणीने सोबत घ्यावी, कारण मूळ पायाला तशी खाच नाही.