ग्लासवर वाईन की हाफ बाटली? छोट्या रेस्टॉरंटवाल्यांसाठी

नाशकात नवीन रेस्टॉरंट टाकणारे ओळखीतले लोक हल्ली हेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी दोन्ही करून बघितलंय.

कागदावर ग्लासच जिंकतो. ७५० मिलीच्या बाटलीतून १५० चे पाच ग्लास, आणि धंद्यातला जुना हिशोब असा की पहिल्या ग्लासात बाटलीची खरेदी सुटली पाहिजे, पुढचे चार आपले. शिवाय पहिल्यांदा वाईन पिणारा माणूस बाटली मागवायला बिचकतो, ग्लास पटकन सांगतो. ३७५ ची हाफ बाटली मिलीमागे महाग पडते आणि चॉइसही कमी, शेनिन ब्लां (व्हाइट), शिराझ (रेड) यांच्या पुढे काही मागितलं की माझा डिस्ट्रिब्युटर "बघतो" म्हणतो आणि विषय संपतो.

पण ते पुढचे चार ग्लास जातात कधी? शनिवार-रविवारी जातात, मान्य. सोमवार ते गुरुवार माझ्याकडे बिअर आणि व्हिस्कीच चालते, आणि रविवारी उघडलेली रेड काउंटरवर कॉफी मशीनच्या गरम वाफेशेजारी उभी. कोणी उघडली, कधी उघडली, कुणालाच माहीत नाही. तारखेचं स्टिकर लावा म्हटलं की पोरं चार दिवस लावतात, मग बंद. आणि हवा लागलेली वाईन धड खराबही लागत नाही हो, आधी फळाचा वास जातो, मग चव बसते, आंबटपणा नंतर येतो. दुधासारखी फाटली असती तर निदान वेटरला दिसलं असतं! गिऱ्हाईक तक्रार करत नाही, अर्धा ग्लास तसाच ठेवतं, पुढच्या वेळी बिअर मागवतं, वर "नाशिकची वाईन अशीच असते" म्हणून मोकळं. माझं तिथेच ठरलं, हाफ बाटली.

उघडलेल्या बाटलीतली हवा खेचणाऱ्या व्हॅक्युम पंपाने एखाद-दोन दिवस निघतात, पण बाटली परत फ्रिजमध्ये गेली तर. कोराव्हिन नावाचं यंत्र भारी आहे, बूच न काढता सुई घालून वाईन काढायची आणि आत आरगॉन गॅस सोडायचा, पण गॅसच्या कॅप्सूल सारख्या विकत घ्या, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या स्क्रू कॅपच्या, त्याला वेगळं झाकण लागतं. छोट्या जागेला झेपेल असं मला तरी वाटत नाही.

हाफ बाटली टेबलावर समोर उघडते. जोडप्याला एकेक ग्लास आणि वर थोडी, कमी भरला-जास्त भरला हा वाद नाही. छोटी असल्याने गारही लवकर होते. रेडसुद्धा थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, रेड रूम टेंपरेचरला द्यायची म्हणतात ते रूम टेंपरेचर म्हणजे १६-१८ डिग्री, आपला एप्रिल नव्हे.

तुमच्याकडे वायनरी बघायला आलेली पुण्या-मुंबईची गर्दी रोज असेल तर ग्लास ठेवा बिनधास्त, पण एकच व्हाइट, एकच रेड, आणि सोमवारी उरलेली सरळ किचनला द्या. स्पार्कलिंग मात्र ग्लासवर नकोच, दुसऱ्या दिवशी बुडबुडे गेलेले असतात आणि ते किचनवालाही घेत नाही.