रोलँड जूनो-६०: आठ महिने रोज वापरल्यानंतर

घेतला तो कोरससाठी, म्हणजे आवाजाची किंचित उशिराची प्रत त्यातच मिसळून तो रुंद करणाऱ्या इफेक्टसाठी. जूनो म्हटलं की सगळे त्याचंच कौतुक करतात, मीही त्याच नादाला लागलो. आज आठ महिन्यांनी हा सिंथ टेबलावर का आहे असं विचाराल, तर उत्तर निराळं आहे. मागच्या बाजूला ‘आर्पेजिओ क्लॉक इन’ असं लिहिलेला एक साधा जॅक आहे. त्याच्यासाठी.

आधी ओळख उरकतो. मॉडेल १९८२ चं. सहा व्हॉइस, म्हणजे एका वेळी सहा सूर, प्रत्येकाला ऑसिलेटर (मूळ आवाज काढणारा भाग) एकच: सॉटूथ, पल्स आणि एक सप्तक खालचा सब-ऑसिलेटर. ऑसिलेटर अ‍ॅनालॉग असला तरी त्याचा सूर डिजिटल घड्याळाला बांधलेला आहे, त्यामुळे मशीन चालू केल्या केल्या सुरात असतं. प्रॉफेट-५ (१९७८) किंवा जुपिटर-८ (१९८१) यांच्यासारख्या बड्या सिंथमंडळींचे ऑसिलेटर व्होल्टेजवर चालतात, तापमानाबरोबर किंचित हलतात, आणि त्यांचा भारदस्तपणा बराचसा त्या हलण्यातच आहे. जूनो त्यामानाने सरळमार्गी. कोरस बंद केला की खरं सांगायचं तर थोडा सपकच.

म्हणून पहिले दोन महिने मी कोरसच्या बटणाला हातच लावला नाही, ते कायम चालू. आत दोन बकेट-ब्रिगेड चिप्स आहेत, आवाज किंचित उशिरा सोडणाऱ्या. एकीतला विलंब वाढतो तेव्हा दुसरीतला घटतो, एक डावीकडे, दुसरी उजवीकडे. हेडफोनवर साधी मायनर सेव्हन्थ कॉर्डसुद्धा खोलीभर पसरते. मग एकदा माझा ट्रॅक मोठ्या स्पीकरवर ऐकायला मिळाला, तिथे डावं-उजवं एकत्र करून मोनो सोडलं होतं. कॉर्ड आक्रसून गेली होती आणि बास तर कुठल्या कुठे. तेव्हापासून बासला कोरस नाही म्हणजे नाही. पॅडला, म्हणजे लांबवलेल्या मऊ कॉर्डना, कोरसचं एक नंबरचं बटण. एक आणि दोन ही दोन्ही बटणं एकदम दाबली की जी थरथर येते ती वर्षातून एकदा. कोरसची एक बारीक सरसर पाठीमागे असतेच. किक वाजत असताना कळत नाही, ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे ठेका थांबतो तिथे, मात्र लपत नाही.

बास कोरडा, म्हणजे कोरसविना, ठेवला की हा सिंथ किती दणकट आहे ते कळतं. पल्स, सब-ऑसिलेटर पूर्ण वर, फिल्टर तीनच्या आसपास, रेझोनन्स जेमतेम, सस्टेन शून्य, डिके चारपर्यंत. एवढंच. एन्व्हलप (सुराचा चढउतार ठरवणारा भाग) एकच आहे, फिल्टर आणि आवाज दोघांना मिळून, पण व्हीसीएच्या, म्हणजे आवाजाची पातळी ठरवणाऱ्या भागाच्या, खाली एन्व्हलप की गेट असा एक खटका आहे. गेटवर टाकला की आवाज बोटाच्या हुकमात आणि एन्व्हलप फक्त फिल्टरसाठी मोकळा. हा खटका मला तिसऱ्या महिन्यात ‘सापडला’, समोर असून. कॉर्ड वाजवताना हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) दोनवर नेला की किकला जागा मिळते, मिक्समध्ये वेगळा ईक्यू लागत नाही.

१९८३ मध्ये यामाहाचा डिजिटल सिंथ डीएक्स७ आला, सगळ्यांना डिजिटल हवंसं झालं आणि असले अ‍ॅनालॉग सिंथ जुन्या बाजारात जाऊन पडले. शिकागो आणि डेट्रॉइटच्या, हाऊस आणि टेक्नो हे नाचाचं संगीत करणाऱ्या पोरांच्या हाती ते तिथूनच लागले. शिकागोच्या लॅरी हर्डचा जूनो-६० तर हाऊसवाल्यांना तोंडपाठ आहे. त्याच्या ट्रॅकमध्ये सिंथ किती कमी वाजतो, हे मला स्वतःकडे जूनो आल्यावर कानाला जाणवलं.

आता तो जॅक. या मशीनला मिडी, म्हणजे वाद्यं एकमेकांना जोडायची डिजिटल सोय, नाही. पण या जॅकमध्ये एक पल्स आली की आर्पेजिएटर, म्हणजे दाबलेल्या कळांचे सूर एकामागून एक वाजवणारा भाग, एक सूर पुढे सरकतो. मी ऑडिओ इंटरफेसच्या एका रिकाम्या आउटपुटमधून एक छोटा ‘टक’ पाठवतो. पहिल्या दिवशी लेव्हल कमी होती, मधले मधले टक गाळले जात होते. वाढवली आणि एकही चुकेना. टीआर-९०९ ड्रम मशीन असेल तर तिच्या रिमशॉटबरोबर ट्रिगर बाहेर मिळतोच.

गंमत पुढे आहे. बारमध्ये सोळाच्या सोळा टक दिले आणि तीन कळा दाबून होल्ड केलं, तर तो फेरा तीन बारनंतर समेवर येतो. पाच कळा दाबल्या तर पाच बारनंतर. मग मी टक गाळायला लागलो. टक नसला की आर्पेजिएटर थांबतो, पण सूर गाळत नाही. पुढच्या टकाला पुढचाच सूर. म्हणजे सूर कुठले ते बोटं ठरवतात, कधी ते टक ठरवतात, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. नऊ टक ठेवले तर तीन सुरांची वाटणी बरोबर बसते, दर बारला तेच. अकरा केले की पुन्हा तीन बारचा फेरा. ठेका चारचा, सरळसोट, आणि वर हे सतत घसरणारं काहीतरी. दोन्ही हात मोकळे, मग फिल्टरचा स्लायडर सहा-सात मिनिटं हळूहळू चढवत बसायचं. माझे गेल्या चार महिन्यांतले सगळे ट्रॅक असेच झालेत.

एक खोड लक्षात ठेवा: ट्रॅक मधेच थांबवला तर आर्पेजिएटर जिथल्या तिथे थबकतो आणि नंतर तिथूनच पुढे चालू लागतो. कळा सोडून पुन्हा दाबाव्या लागतात, नाहीतर सम हुकलीच.

तक्रारी. कळ जोरात दाबा की हळू, आवाज तोच. सहा व्हॉइसमध्ये लांब रिलीजच्या दोन चार-सुरी कॉर्ड मावत नाहीत, पहिलीची शेपटी तुटते. छप्पन्न पॅच (तयार केलेले आवाज) साठवता येतात, त्यातले चाळीसेक मी स्वतःच्या हाताने घालवले: टेपवर उतरवून न ठेवता आतली बॅटरी बदलायला दिली. आता पॅच उतरवताना निघणाऱ्या त्या किंचाळ्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केलेल्या आहेत. आणि ज्या कारागिराकडे दिला त्याने स्लायडरमध्ये कसलं तरी तेल मारून, एका व्हॉइसचा फिल्टर बाकीच्या पाचांपेक्षा खाली लावून परत दिला. चालता आर्पेजिओ ऐकताना मधेच एक सूर नाक दाबल्यासारखा यायचा. दुसऱ्याकडून कॅलिब्रेट करून घेतला. एका ट्रॅकमध्ये तो नाक दाबलेला सूर मी तसाच ठेवलाय, तिथे तो शोभतो.

जूनो-१०६ (१९८४) घ्यावा का, असं दोघांनी विचारलं. मिडी आहे, पोर्टामेंटो (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आहे, पॅच १२८. आर्पेजिएटर नाही. माझ्यापुरता प्रश्न तिथेच मिटतो. आणि ६० बघायला जाणार असाल तर विकणारा कोरस लावून एक मोठी कॉर्ड वाजवून दाखवेल, ती ऐकून घ्या, मग स्वतःचं ड्रम मशीन काढून त्या जॅकला लावा. मी नेलं नव्हतं, नशिबाने जॅक चालू निघाला.